विश्लेषण : १५ सेंटचा बर्गर खरोखर स्वस्त होता का? १९५५ च्या अमेरिकेतील भाव, टीव्ही आणि बातम्यांचा हिशेब

पाच सेंटला वर्तमानपत्र, १५ सेंटला बर्गर, २९ सेंटला गॅलनभर पेट्रोल आणि अर्ध्या डॉलरला सिनेमाचे तिकीट. १९५० च्या दशकातील अमेरिकेची अशी भावयादी समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असते. सोबत चकचकीत गाडीशेजारी उभ्या असलेल्या चौकोनी कुटुंबाचे छायाचित्र आणि ‘काय दिवस होते ते’ अशी एखादी ओळ. अमेरिकेच्या राजकारणातही हा काळ पुन्हा पुन्हा डोकावतो. ‘अमेरिकेला पुन्हा महान करू’ या घोषणेतील ‘पुन्हा’ म्हणजे नेमके कधी, असे विचारले की अनेकांचे बोट याच दशकाकडे जाते. यादीतील बहुतेक भाव खरे आहेत. पण त्या भावांसमोर पगाराचा आकडा नसतो आणि ते भाव नेमके कोणासाठी होते, हेही लिहिलेले नसते. हे दोन रकाने भरले तर चित्र कसे दिसते?

हिशेबासाठी १९५५ हेच वर्ष का?

दशकाच्या बरोबर मध्यावरचे हे वर्ष. दुसरे महायुद्ध संपून १० वर्षे झाली होती, कोरियातील युद्ध थांबून दोन वर्षे झाली होती. माजी सेनापती ड्वाइट आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्ष होते. कारखाने जोरात चालू होते. मोटारींच्या विक्रीने त्या वर्षी तोवरचा उच्चांक गाठला.

ज्या गोष्टींवरून आज अमेरिका ओळखली जाते, त्यातील बऱ्याच याच १२ महिन्यांतील आहेत. १२ एप्रिलला पोलिओची लस यशस्वी झाल्याचे जाहीर झाले. १५ एप्रिलला रे क्रॉक यांनी शिकागोजवळच्या डेस प्लेन्स येथे मॅकडोनाल्ड्सची आपली पहिली शाखा उघडली. १७ जुलैला कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झाले. सप्टेंबरमध्ये अभिनेता जेम्स डीनचा मोटार अपघातात मृत्यू झाला. आणि १ डिसेंबरला अलाबामातील माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधील आसन सोडायला नकार दिला.

१५ सेंटचा बर्गर म्हणजे आजचे किती पैसे?

पहिली चूक होते ती थेट रूपांतरात. १५ सेंट म्हणजे आजच्या विनिमय दराने अमुक रुपये, असा हिशेब निरर्थक आहे. तेव्हा एक डॉलर चार रुपये ७६ पैशांचा होता. म्हणजे तो बर्गर भारतीय चलनात साधारण साडेअकरा आण्यांचा झाला असता.

दुसरी पद्धत महागाई निर्देशांकाची. अमेरिकेच्या ग्राहक किंमत निर्देशांकानुसार १९५५ चा एक डॉलर म्हणजे आजचे सुमारे १२ डॉलर. त्यामुळे बर्गर झाला १ डॉलर ८० सेंटचा. ही पद्धत बरी, पण एवढ्या वर्षांत लोकांचे उत्पन्नही बदलले आहे. म्हणून तिसरी पद्धत अधिक उपयोगाची ठरते. ती वस्तू घेण्यासाठी माणसाला किती वेळ राबावे लागत होते, ते मोजायचे.

१९५५ मध्ये अमेरिकेतील कारखान्यात काम करणाऱ्या कामगाराला सरासरी तासाला १.८५ डॉलरच्या आसपास मजुरी मिळत असे. या हिशेबाने बर्गर पाच मिनिटांच्या कामाचा झाला. आज सामान्य कामगाराची सरासरी मजुरी तासाला ३० डॉलरच्या आसपास आहे आणि साधा हॅम्बर्गर शहरानुसार दोन ते तीन डॉलरला मिळतो. म्हणजे आजही चार ते सहा मिनिटे. ७० वर्षांत बर्गर फारसा स्वस्तही झाला नाही आणि महागही नाही.

तासाला ७५ सेंट हे तेव्हाचे केंद्रीय किमान वेतन होते. त्या दराने तोच बर्गर १२ मिनिटांचा होतो. ऑगस्ट १९५५ मध्ये किमान वेतन एक डॉलर करण्याचा कायदा झाला, तो १ मार्च १९५६ पासून लागू झाला. पण शेतमजूर, घरकाम करणाऱ्या महिला आणि दुकानांतील बहुतेक नोकर या कायद्याच्या कक्षेतच नव्हते. घरकामगारांना ते संरक्षण मिळायला १९७४ उजाडावे लागले. त्यामुळे यादीतील भाव सगळ्यांना सारखे असले, तरी ते देण्यासाठी लागणारी मिनिटे सारखी नव्हती.

मग रोजचा बाजार कसा होता?

कारखान्यातील त्याच सरासरी मजुरीने काही वस्तूंचा हिशेब असा होतो :

– एक पौंड पाव : सुमारे १८ सेंट, सहा मिनिटे.
– एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरहून थोडे अधिक पेट्रोल : २९ सेंट, नऊ मिनिटांहून थोडी अधिक.
– एक डझन अंडी : ६१ सेंट, २० मिनिटे.
– एक पौंड लोणी : ७१ सेंट, २३ मिनिटे.
– एक पौंड कॉफी : ९३ सेंट, ३० मिनिटे.
– न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला तीन मिनिटांचा फोन : सुमारे अडीच डॉलर, एक तास २० मिनिटे.

अंड्यांचे उदाहरण बोलके आहे. बर्ड फ्लूमुळे मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत अंड्यांचा भाव डझनाला सहा डॉलरच्या वर गेला आणि तो राजकीय प्रश्न झाला. पण त्या विक्रमी भावातही एक डझन अंडी आजच्या कामगाराच्या साडेबारा मिनिटांच्या कमाईत येत होती. १९५५ मधील अंडी त्याहून महाग होती, फक्त भावाचा आकडा छोटा होता.

एकूण खर्चातही हेच दिसते. १९६० मध्ये अमेरिकी लोक हातात येणाऱ्या उत्पन्नातील सुमारे १७ टक्के रक्कम खाण्यापिण्यावर खर्च करत होते. आज हे प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास आहे आणि त्यात हॉटेलातील खाणेही धरलेले आहे.

इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा फरक तर डोळे दिपवणारा आहे. खिशात मावणारा पहिला व्यावसायिक ट्रान्झिस्टर रेडिओ ‘रीजेन्सी टीआर-१’ १९५४ च्या अखेरीस बाजारात आला. किंमत ४९.९५ डॉलर, आत ट्रान्झिस्टर फक्त चार. तो घेण्यासाठी कामगाराला २७ तास काम करावे लागत होते. आजच्या पैशांत ती किंमत ६०० डॉलरच्या आसपास जाते. म्हणजे साध्या रेडिओला तेव्हा आजच्या स्मार्टफोनएवढे पैसे मोजावे लागत होते आणि आजच्या फोनच्या एका चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. ‘आरसीए’ कंपनीचा पहिला रंगीत टीव्ही १९५४ मध्ये एक हजार डॉलरला होता. म्हणजे जवळपास साडेतेरा आठवड्यांचा पूर्ण पगार.

घर मात्र परवडत होते, हे खरे का?

हो, आणि जुन्या दिवसांबद्दलच्या हळहळीचा हाच सर्वात पक्का आधार आहे. १९६० च्या जनगणनेनुसार अमेरिकेतील घराची मध्यम किंमत ११,९०० डॉलर होती आणि कुटुंबाचे मध्यम वार्षिक उत्पन्न सुमारे ५,६०० डॉलर. म्हणजे दोन वर्षांच्या कमाईएवढे घर. आज हेच गुणोत्तर चारपटीच्या वर गेले आहे. बहुतेक घरांत एकट्याच्या पगारावर हप्ता भरला जात होता, हेही खरे.

यामागे सरकारचे धोरण होते. १९४४ च्या ‘जीआय बिल’ या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी मदत आणि घरकर्जाला सरकारी हमी दिली. त्या जोरावर बिल्डर विल्यम लेव्हिट यांनी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९४७ पासून एकसारख्या घरांची वसाहत उभारली. तीच लेव्हिटटाउन. मोटारीच्या कारखान्यात गाडी पुढे सरकते आणि कामगार जागेवर असतो. इथे घर जागेवर आणि कामगारांच्या तुकड्या पुढे सरकत. एक तुकडी फक्त पाया घाली, दुसरी भिंती उभारी, तिसरी रंग देई. १९४९ मध्ये यातील घर ७,९९० डॉलरला होते. माजी सैनिकाला सुरुवातीला एक पैसाही न भरता महिना ५८ डॉलरच्या हप्त्यावर ते मिळत होते.

पण त्या घरांचा आकारही पाहायला हवा. १९५० मध्ये अमेरिकेतील नव्या घराचे सरासरी क्षेत्रफळ हजार चौरस फुटांपेक्षा कमी होते. आज ते दोन हजारांच्या बरेच पुढे आहे. १९५० च्या जनगणनेत सुमारे एकतृतीयांश घरांत गरम-थंड पाण्याचा नळ, स्वच्छतागृह आणि न्हाणीघर अशी पूर्ण सोय नव्हती. १९६० मध्येही वातानुकूलन फक्त १२ टक्के घरांत होते.

त्याहून मोठी अट करारात होती. लेव्हिटटाउनच्या सुरुवातीच्या करारांत गोऱ्या वंशाच्या माणसांखेरीज कोणालाही तिथे राहू देऊ नये, असे कलम होते. अपवाद होता तो फक्त घरातील नोकरांचा. अशी कलमे न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. तरीही व्यवहारात बंदी कायम राहिली. कर्जाला हमी देणारी सरकारी यंत्रणाच कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना धोकादायक ठरवत होती. १९५७ मध्ये पेन्सिल्व्हेनियातील लेव्हिटटाउनमध्ये बिल आणि डेझी मायर्स हे पहिले कृष्णवर्णीय दाम्पत्य राहायला आले, तेव्हा घरासमोर जमाव जमला, दगडफेक झाली. बिल मायर्स स्वतः माजी सैनिक होते.

याचा परिणाम त्या पिढीपुरता राहिला नाही. अमेरिकी मध्यमवर्गाची संपत्ती प्रामुख्याने घराच्या वाढत्या किमतीतून उभी राहिली. ज्यांना तेव्हा घर घेऊ दिले नाही, त्यांच्या मुला-नातवंडांपर्यंत ती पोहोचलीच नाही.

संध्याकाळी लोक काय करत होते?

एका वाक्यात सांगायचे तर टीव्ही पाहत होते. १९५० मध्ये अमेरिकेतील फक्त नऊ टक्के घरांत टीव्ही होता. १९५५ मध्ये ते प्रमाण सुमारे दोनतृतीयांश झाले आणि १९६० मध्ये ८७ टक्के. एवढ्या वेगाने घराघरांत पोहोचलेले यंत्र त्याआधी झाले नव्हते.

वाहिन्या मोजक्या असल्याने सारा देश एकाच वेळी एकच कार्यक्रम पाहत असे. ‘आय लव्ह ल्युसी’ या विनोदी मालिकेत नायिकेला मूल होते तो भाग १९ जानेवारी १९५३ ला दाखवला गेला. तेव्हा टीव्ही असलेल्या १०० पैकी ७२ घरांत तोच चालू होता आणि सुमारे ४.४ कोटी प्रेक्षक होते. दुसऱ्या दिवशी झालेल्या आयझेनहॉवर यांच्या शपथविधीला प्रेक्षक त्याहून कमी मिळाले. गंमत म्हणजे मालिकेत ‘गरोदर’ हा शब्द उच्चारायला मनाई होती.

जेवणाची सवयही बदलली. ‘स्वॅन्सन’ कंपनीने अॅल्युमिनियमच्या कप्प्याकप्प्यांच्या ताटात टर्की, वाटाणे आणि रताळी असे गोठवलेले तयार जेवण ‘टीव्ही डिनर’ नावाने आणले. किंमत ९८ सेंट. भट्टीत गरम करायचे आणि टीव्हीसमोर बसून खायचे. सिनेमागृहांना याचा फटका बसला. युद्ध संपले तेव्हा आठवड्याला आठ कोटींहून अधिक तिकिटे विकली जात. १९५५ पर्यंत हा आकडा जवळपास निम्म्यावर आला. गाडीत बसूनच सिनेमा दाखवणारी मैदाने मात्र वाढत गेली आणि दशकाअखेर त्यांची संख्या चार हजारांवर पोहोचली.

जून १९५५ मध्ये सीबीएस वाहिनीवर ‘द सिक्स्टी-फोर थाउजंड डॉलर क्वेश्चन’ हा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम सुरू झाला. सर्वोच्च बक्षीस ६४ हजार डॉलर. कुटुंबाचे मध्यम वार्षिक उत्पन्न तेव्हा सुमारे ४,४०० डॉलर होते. म्हणजे एका प्रश्नावर १४ वर्षांहून अधिकची कमाई. सप्टेंबरमध्ये मरीन दलातील एका कॅप्टनने स्वयंपाकावरील प्रश्नांची उत्तरे देऊन ते बक्षीस जिंकले आणि असल्या कार्यक्रमांचे पेव फुटले. यातील काही कार्यक्रमांत स्पर्धकांना उत्तरे आधीच दिली जात होती, हे १९५८-५९ मध्ये उघड झाले. ‘ट्वेंटी-वन’ या कार्यक्रमाचा लाडका विजेता, कोलंबिया विद्यापीठातील शिक्षक चार्ल्स व्हॅन डोरेन याने नोव्हेंबर १९५९ मध्ये संसदीय समितीपुढे याची कबुली दिली. त्यानंतर अशी फसवणूक बेकायदा ठरवणारा कायदा झाला.

डिस्नेलँडचे प्रवेशशुल्क मोठ्यांना एक डॉलर होते. म्हणजे साधारण अर्ध्या तासाची मजुरी. आतील खेळांचे १० ते ३५ सेंट वेगळे द्यावे लागत. आज सर्वात स्वस्त दिवसाचे तिकीटही शंभर डॉलरच्या वर आहे आणि त्यासाठी साडेतीन तासांच्या आसपास काम करावे लागते. खरोखर महाग झालेल्या गोष्टींत करमणुकीचा हा प्रकार बसतो.

बातम्या कशा मिळत होत्या?

मुख्यतः छापील. देशात जेवढी कुटुंबे होती, त्याहून अधिक दैनिकांच्या प्रती रोज खपत होत्या. अनेक घरांत सकाळचे एक आणि संध्याकाळचे एक अशी दोन वर्तमानपत्रे येत. टीव्हीवरील रात्रीच्या बातम्या फक्त १५ मिनिटांच्या होत्या. त्या अर्ध्या तासाच्या झाल्या १९६३ मध्ये. एनबीसीच्या बातमीपत्राचे नावच प्रायोजक सिगारेटवरून ‘कॅमल न्यूज कॅरॅव्हॅन’ असे होते. साधारण ४५ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते आणि सिगारेटच्या दुष्परिणामांवरील सरकारचा प्रसिद्ध अहवाल यायला अजून नऊ वर्षे होती.

त्या वर्षातील सर्वात आनंदाची बातमी पोलिओच्या लसीची. १९५२ मध्ये अमेरिकेत पोलिओचे जवळपास ५८ हजार रुग्ण आढळले होते आणि तीन हजारांहून अधिक मृत्यू झाले होते. उन्हाळा आला की पोहण्याचे तलाव बंद होत, आईबाप मुलांना गर्दीत पाठवत नसत. शास्त्रज्ञ जोनास साल्क यांच्या लसीची १९५४ मध्ये सुमारे १८ लाख मुलांच्या सहभागाने चाचणी झाली. १२ एप्रिल १९५५ ला मिशिगन विद्यापीठात निकाल जाहीर होताच अनेक गावांत चर्चच्या घंटा वाजवण्यात आल्या. पेटंट कोणाचे, या प्रश्नावर साल्क यांनी ते लोकांचे आहे, अशा अर्थाचे उत्तर दिले.

हा खर्चही बऱ्याच अंशी लोकांनीच उचलला होता. ‘मार्च ऑफ डाइम्स’ या मोहिमेत सामान्य नागरिक ‘डाइम’, म्हणजे १० सेंटचे नाणे टपालाने पाठवत. पोलिओमुळे स्वतः अधू झालेले राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट या मोहिमेचे प्रवर्तक होते. त्यांच्या निधनानंतर १९४६ पासून त्यांचा चेहरा त्याच नाण्यावर आला.

आनंदाला लगेच गालबोटही लागले. कॅलिफोर्नियातील कटर या कंपनीच्या काही लसींत विषाणू जिवंत राहिला होता. त्यातून सुमारे २०० जणांना लकवा झाला आणि १० जणांचा मृत्यू झाला. मोहीम काही काळ थांबवून तपासणी कडक करण्यात आली. त्यानंतर मात्र रुग्णसंख्या झपाट्याने उतरली. या लसीशी भारताचाही संबंध होता. ती ऱ्हीसस माकडांच्या मूत्रपिंडातील पेशींवर तयार केली जाई आणि ही माकडे मोठ्या संख्येने भारतातून जात. वाहतुकीतील हालांमुळे भारताने १९५५ मध्ये निर्यात काही काळ थांबवली आणि १९७८ मध्ये ती कायमची बंद केली.

सगळ्या बातम्या मात्र सगळीकडे सारख्या पोहोचत नव्हत्या. ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपीत शिकागोहून आलेल्या १४ वर्षांच्या एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली. आई मेमी टिल यांनी अंत्यविधीत शवपेटी उघडी ठेवण्याचा आग्रह धरला. मुलाच्या चेहऱ्याचे छायाचित्र कृष्णवर्णीय वाचकांच्या ‘जेट’ या साप्ताहिकाने छापले आणि ते देशभरातील कृष्णवर्णीयांच्या घरांत पोहोचले. सर्वच्या सर्व गोऱ्या सदस्यांच्या ज्युरीने दोन्ही आरोपींना साधारण तासाभराच्या चर्चेनंतर निर्दोष सोडले.

बसच्या १० सेंटच्या तिकिटाचे काय झाले?

भावयादीत बसचे तिकीटही असते. माँटगोमेरीत ते १० सेंटचे होते, म्हणजे तेच रूझवेल्ट यांचा चेहरा असलेले नाणे. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी भाडे एकच होते. पण पुढच्या रांगा गोऱ्यांसाठी राखीव असत. कृष्णवर्णीय प्रवाशाला पुढच्या दाराने चढून पैसे द्यावे लागत, मग अनेकदा खाली उतरून मागच्या दाराने पुन्हा चढावे लागे. त्याआधी चालकाने बस सोडली, तर नाणे गेले आणि बसही गेली. गोऱ्या प्रवाशांच्या रांगा भरल्या की मागच्यांनी उठून जागा द्यायची.

१ डिसेंबरला शिवणकाम करणाऱ्या रोझा पार्क्स उठल्या नाहीत. त्यांना १० डॉलर दंड आणि चार डॉलर न्यायालयाचा खर्च झाला. तेव्हाच्या किमान वेतनाने ही जवळपास १९ तासांची मजुरी होते. ५ डिसेंबरपासून कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. नेतृत्व आले २६ वर्षांच्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्याकडे. सुरुवातीच्या मागण्या अगदी माफक होत्या. सभ्य वागणूक, आधी येईल त्याला आधी जागा आणि कृष्णवर्णीय वस्त्यांच्या मार्गावर कृष्णवर्णीय चालक.

पुढची लढाई पैशांवरच झाली. कृष्णवर्णीय टॅक्सीचालकांनी बसएवढेच, म्हणजे १० सेंट भाडे घ्यायला सुरुवात केली. शहर प्रशासनाने टॅक्सीचे किमान ४५ सेंट भाडे सक्तीचे केले. मग लोकांनी खासगी मोटारींची साखळी उभारली, घरकाम करणाऱ्या महिला मैलोन्‌मैल चालत गेल्या. बसच्या प्रवाशांत बहुसंख्य कृष्णवर्णीय असल्याने कंपनीची कमाई कोसळली आणि भाडे १० वरून १५ सेंट करावे लागले. बहिष्कार ३८१ दिवस चालला. बसमधील वर्णभेद घटनाबाह्य असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने कायम केल्यावर डिसेंबर १९५६ मध्ये तो मागे घेण्यात आला. अहिंसेचा मार्ग आपण गांधीजींकडून घेतल्याचे किंग सांगत. १९५९ मध्ये ते भारतात आले, तेव्हा मुंबईत गांधीजींच्या वास्तव्याने ओळखल्या जाणाऱ्या मणिभवनमध्ये राहिले होते.

मग तो काळ स्वस्त होता की महाग?

दोन्ही. तासांत मोजले तर अन्न, फोन, रेडिओ, टीव्ही महाग होते. घर स्वस्त होते. वैद्यकीय खर्चही कमी होता. १९६० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नातील पाच टक्के रक्कम आरोग्यावर खर्च होत होती, आज १७ टक्क्यांहून अधिक होते. पण तेव्हा जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी २६ वर्षभराच्या आत दगावत होती, आज सहापेक्षा कमी. मोटारी दोन हजार डॉलरच्या आसपास मिळत, पण सीटबेल्ट नसत. तेवढ्याच अंतराच्या प्रवासामागे रस्त्यावरील मृत्यूंचे प्रमाण आजच्या जवळपास पाचपट होते.

त्या काळाची हळहळ निव्वळ भाबडी नाही. साधारण दर तीन कामगारांपैकी एक कामगार संघटनेचा सदस्य होता, आज दहांत एक आहे. सर्वाधिक उत्पन्नावर ९१ टक्के कर होता. शाळेपुरते शिकलेल्या माणसाला कारखान्यात टिकाऊ नोकरी, घर आणि निवृत्तिवेतन मिळण्याची आशा होती. आजच्या तरुणांना खुणावते ती ही खात्री.

पण ती खात्री मिळायला गोरे आणि पुरुष असावे लागे. १९५५ मध्ये गोरेतर कुटुंबाचे मध्यम उत्पन्न गोऱ्या कुटुंबाच्या ५५ टक्के होते. पूर्णवेळ काम करणाऱ्या महिलेला पुरुषाच्या एका डॉलरमागे ६४ सेंट मिळत होते. विवाहित महिलेला पतीच्या सहीशिवाय कर्ज नाकारणे १९७४ च्या कायद्यापर्यंत चालत राहिले.

१ फेब्रुवारी १९६० ला नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो शहरात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात गेले. त्यांनी एका काउंटरवर किरकोळ वस्तू घेतल्या, पैसे दिले, पावती घेतली. मग त्याच दुकानातील खाद्यपदार्थांच्या काउंटरवर बसून कॉफी मागितली. दुकान बंद होईपर्यंत ती त्यांना मिळाली नाही. खिशात पैसे होते आणि कॉफीचा भाव फलकावर लिहिलेला होता.